किटलीतला गाळ

प्रिय लुंबिनी,

जयभीम. फोनवर बोलायला माझं तोंड उघडंना, म्हणून लातूरच्या दवाखान्यात बाकावर बसून लिहून राहिले. महानंदाकाकी आत हाय. चार दिवस झाले, कावीळ उतरंना. आपल्या गल्लीतला अश्वजित दुपारच्या गाडीनं तुझ्याकडं नांदेडला निघालाय, त्याच्या हाती देते.

बुद्धपौर्णिमेला तू आली होतीस अन् माझं डोकं ठणकत होतं, आठवतं? तू कोरा कडक चहा केलास, सोबत तापाची साधी गोळी दिलीस. म्हणालीस, चहातल्या कॅफीननं गोळीला जोर चढतो, आमच्या फार्मसीच्या पुस्तकात आहे. अर्ध्या तासात डोकं उतरलं. लई अभिमान वाटला गं! एकच गोळी घे, असंही तू बजावलं होतंस. ते मी विसरून गेले. बायांपुढं तर तुझं नावही घेतलं न्हाई, माझीच अक्कल म्हणून मिरवलं.

सोयाबीनच्या खुरपणीला आम्ही सात जणी. कंबरा मोडून जायच्या. एकेकीच्या हातावर गोळी कुठं ठेवत बसू, म्हणून मी घरूनच गोळ्या पाट्यावर वाटून न्यायची अन् चहाच्या किटलीत टाकायची. दिवसातून तीनदा. बाया म्हणायच्या, पंचशीलाबाईचा चहा म्हंजे डॉक्टरच! त्यात महानंदाची दाढ सुजली. घास चावता येईना, नुसत्या चहावर दिवस काढायची. तिला मी शेवटचा कप द्यायची, तळाच्या गाळासकट. कडू लागला तरी गुण गाळातच, असं माझं म्हणणं. माझी जाऊ ती, तू जन्मलीस तेव्हा तुला पहिल्यांदा तिनंच हातात घेतलं. तिला जास्तीचं द्यायला नको का? वरून ती दुकानातून दाढेच्या गोळ्या आणून खायची. नाव वेगळं, म्हणून औषध वेगळं समजलो. काल पाकीट वाचलं. तीच गोळी, अन् जास्त झाली तर लिव्हरला धोका, असंही वर छापलंय.

तिला मळमळायला लागलं तेव्हा दाढेनंच असेल म्हणून मी अजून एक कप दिला. मग डोळे हळदीसारखे पिवळे झाले.

डॉक्टर दोनदा विचारून गेले, काय खाल्लं, कोणत्या गोळ्या घेतल्या. बायकोच्या उशाशी बसलेले आनंदराजकाका म्हणाले, काही न्हाई, नुसता चहा. मी शेजारीच उभी होते. तिच्या माहेरची माणसं दारात होती, माझी जीभच उचलंना. आज सकाळपासून ती मला ओळखत न्हाई. टकमक बघते अन् म्हणते, बाई, चहा दे.

आता डॉक्टर आले की मी सगळ्यांसमोर सांगणार हाय. आणखी गप्प बसले तर ती माझ्या हातून मरंल, कदाचित उशीर झालाच असंल. पण तुझं नाव घेणार न्हाई, त्यासाठीच हे लिहिलं. तेव्हा फुशारकीत तुझं नाव गिळलं, ते आता कामी येतंय. काका फोन करून विचारतील. म्हण, मी आईला चहा-गोळीचं काही सांगितलं नव्हतं. खोटं बोलू नको असं मीच शिकवलंय तुला, पण एवढं एक बोल. वाचलं की पत्र फाडून टाक. डॉक्टर आले वाटतं.

तुझीच,
आई