जाळ्याखाली काय पडलंय

गोराई
१४ ऑक्टोबर २०२४

चि. बाळास, ताईचे अनेक आशीर्वाद.

फोन सोडून पत्र कसलं लिहिते म्हणून हसू नकोस. आमच्या घरी फोन म्हणजे निलेशचा स्पीकर; मी बोलले की अर्धी आळी ऐकते. उद्या बोरिवलीच्या बाजारात तुझी चेतना मासळीला येईल तेव्हा तिच्या पिशवीत हे टाकीन. बोंबलाचा वास आला तर नाक दाबून वाच.

बाळा, मला भीती वाटते रे. आमची डोल जाळी समुद्रात खुंटांना बांधतात त्या जागेवर खाली काहीतरी येऊन पडलंय. पावसाळा संपून होड्या सुटल्यापासून प्रत्येकाचं जाळं तिथं अडकतं आणि फाटतं. परवा शेजारचा सर्वेश तोंडात हवेची नळी धरून जाळं सोडवायला उतरला. त्याचा पाय कशात तरी अडकला. वर ओढला तेव्हा ओठ काळेनिळे. हॉस्पिटलात शुद्धीवर आलाय, पण कुणाशी बोलत नाही, छताकडे बघत पडून असतो. आता मच्छीमार सोसायटीत म्हणतात, निलेशचा दम मोठा, पुढच्या वेळी तो उतरेल. आणि आमचा वाघ लगेच तयार! ह्यांनी दटावायला नको? हे ताटावर बसून नुसता भात चिवडतात.

तू एवढी सोनोग्राफीची मशिनं दुरुस्त करतोस. बाईच्या पोटातलं लेकरू दिसतं, मग समुद्राच्या पोटातलं दिसणार नाही का? माणूस खाली न सोडता बघता येईल असं काहीतरी शोध. तुझ्याशिवाय सांगू कुणाला? माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी,
प्रेमाताई

अंधेरी
१९ ऑक्टोबर २०२४

ती. सौ. प्रेमाताईस, बाळाचा शि. सा. न.

पत्र वासासकट पोचलं. चेतनाने बोंबील झकास तळले होते, पण सर्वेशचं वाचल्यावर घास उतरेना.

दुसऱ्याच दिवशी देवव्रत नावाच्या माणसाला गाठलं. समुद्रात बुडालेली बोट, साखळी, काय हवं ते शोधायची यंत्रं तो भाड्यानं देतो. बोलायला मधाळ. पण विकणारा माणूस कुठं घाईघाईनं बोलतो तिकडे मी कान लावतो, धंद्यात एवढंच शिकलो. कॅमेऱ्याबद्दल तो भलत्याच घाईत होता. खोदून विचारलं तर त्याचा तो सुंदर व्हिडिओ निघाला अंदमानचा! आपल्या गढूळ पाण्यात त्या कॅमेऱ्याला स्वतःची काच दिसायची नाही. कॅमेरा बाद.

उरली दोन. एक सोनार. होडीमागे पाण्यातून ओढायचा. तो दोन्ही बाजूंना आवाज सोडतो आणि परत आलेल्या आवाजाचं चित्र काढतो. माझ्या मशिनांचाच भाऊ. गाळ असो की अंधार, तळावरच्या वस्तूचा आकार दाखवतो. दुसरं आहे लोखंड हुंगणारं, त्याला मॅग्नेटोमीटर म्हणतात. खाली इंजिन, नांगर असलं काही असेल तर त्याचा काटा उडतो. आकार त्याला कळत नाही, आणि लाकडाशी तर त्याचं काही देणंघेणंच नाही.

म्हणजे खाली काय असेल याचा अंदाज बांधून यंत्र घ्यायचं. मला विचारशील तर सोनार. पण वापरणार तुम्ही, तेव्हा गुरुवारी सोसायटीच्या लोकांना इकडे पाठव. भावोजींनाही पाठव, चहा मी पाजतो.

तुला धीर देतोय खरा ताई, पण मीही घाबरलोय. तोवर निलेशला खांबाला बांधून ठेव. तुझा आशीर्वाद आहे तोवर माझं बरं चाललंय.

तुझा,
बाळा

गोराई
२८ ऑक्टोबर २०२४

चि. बाळास आशीर्वाद.

तू सोनार सांगत होतास, पण लोखंडवालं यंत्र आलं. चेअरमन नंदकिशोर दोन्हींत घुटमळत होते म्हणे. इतके दिवस तोंड न उघडणारे आमचे हेच पुढे झाले आणि म्हणाले, वादळात सुटलेला कुठला तरी मालवाहू लोखंडी बार्ज असणार, हेच घ्या. ह्यांना दर्यातलं कळतं, म्हणून सगळ्यांनी ऐकलं.

दोन दिवस ती जागा उभी आडवी धुंडाळली. काटा हलला नाही. सोसायटीने ठरवून टाकलं की खाली काही नाही, गाळात जुनी जाळी रुतलीत तेवढीच. दिवाळीनंतर भांगाचं पाणी येईल, ओढ कमी असेल, तेव्हा दहा तारखेच्या रविवारी निलेश उतरून ती कापणार.

मी सुटकेचा श्वास घ्यायला हवा ना? पण यंत्राने काही नाही म्हटल्यापासून ह्यांची जास्तच वाट लागलीय. काल निलेशचा हात धरून उतरू नको म्हणाले. त्याने कारण विचारलं तर उठून अंगणात गेले. पोरगा हसला, म्हणाला मशीनपेक्षा बाबा घाबरट.

बाळा, यंत्र खोटं बोलतं का रे? भाऊबीजेला ये. ओवाळायचंही आहे आणि मला कुणीतरी जवळ हवंय.

ताई

अंधेरी
४ नोव्हेंबर २०२४

ती. काशीरामभावोजींस, बाळाचा सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या एकट्यासाठी. ताईला यातलं काही बोललेलो नाही.

त्या गुरुवारी सगळे देवव्रतला विचारत होते, यंत्र काय शोधतं. तुम्ही मात्र चहाचा कप घेऊन त्याला बाजूला नेलंत आणि हळूच विचारलंत, इंजिन काढलेली लाकडी होडी असली तर काटा हलेल का. तो नाही म्हणाला. मग तुम्ही आत येऊन तेच यंत्र मागितलंत. माझी पाठ तुमच्याकडे होती भावोजी, कान नव्हते.

काल भाऊबीजेला तुमच्या नव्या होडीत जुन्या होडीचं इंजिन बघितलं. जुनी होडी कुठं गेली असं ताईला सहज विचारलं. वसईच्या माणसाला दिली म्हणाली. मी वसईला जाऊन चौकशी केलेली नाही, करणारही नाही.

पण निलेश रविवारी उतरतोय, खाली काही नाही असं समजून. सर्वेशला निदान धास्ती तरी होती.

गुरुवारी सोनार पाठवतोय. देवव्रतशी बोलणं झालंय. पडद्यावर आकार उमटेल, आणि तुमच्या होडीची ती पुढची उंच नाळ गावात कोण ओळखणार नाही? त्याच्या आत तुम्ही बोला. बुधवारी संध्याकाळपर्यंत नाही बोललात तर मी ताईला सांगेन, मग तुम्ही आयुष्यभर माझं तोंड पाहिलं नाहीत तरी चालेल. तुम्ही मला मोठ्या भावासारखे, तसेच राहा.

आपला,
बाळा

गोराई
८ नोव्हेंबर २०२४

चि. बाळास आशीर्वाद.

तुझं सोनार यायच्या आदल्या दिवशी सोसायटीत उभा राहिलो आणि सांगितलं.

ती होडी फोडून चुलीत घालायची माझी छाती झाली नाही. तिच्यावर घर उभं राहिलं, निलेश वाढला. दगड भरले आणि खडकाकडे, जिथं कुणी जाळं टाकत नाही, तिथं नेऊन बुडवली, घरी वसईला दिली म्हणून सांगितलं. आत मासळी घर करील, असंही मनात होतं. पावसाळ्यात पाण्याने तिला ओढत आपल्या जागेवर आणलं. सर्वेश अडकला तेव्हाच मला कळलं. तोंड उघडायला गेलो की जीभ आत जायची. सर्वेशची आई सगळं ऐकून घेऊन उठून गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

काल पडद्यावर ती दिसली. कुशीवर पडलीय. निलेश बघत राहिला.

तुझं यंत्र दाखवतं, दोर बांधत नाही. वरून गळ टाकून ओढली तर फुटेल आणि फळ्या पसरून जाळी फाटतच राहतील. दोर बांधायला कुणाला तरी खाली जावंच लागेल. तिची फळी न् फळी माझ्या हाताखालून गेलीय. रविवारी मी उतरतोय. नंदकिशोर माझ्या वयावर बोलले, त्यांना गप्प केलं.

तुझ्यावर राग नाही. घरावर लक्ष असू दे.

काशीराम

बाळा, हे पत्र ह्यांनी मलाच तुझ्याकडे पाठवायला दिलं, उघडंच. मी वाचलं. भांडले, रडले, ऐकत नाहीत. निलेशने ह्यांच्याशी न बोलताच हवेची नळी दोनदा तपासून ठेवलीय. ह्यांच्या कमरेचा दोर मी धरणार आहे, दुसऱ्या कुणाच्या हातात देणार नाही. रविवारी पहिल्या फेरीबोटीने ये आणि माझ्या मागे उभा राहा.

ताई