व्याह्यांच्या गाडीला पाजलेलं तेल

रनाळे, मंगळवार सकाळ

श्री. शांतीलालभाई, मुक्काम खापर, यांस रतिलालचा दोन्ही हात जोडून जय श्रीकृष्ण.

इकडे सर्व कुशल आहे असं पहिल्या ओळीत लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. बाकी पुढे वाचालच. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? (मागच्या वेळी मी डाव्याची चौकशी केली आणि तुम्ही डावाही बरा आहे म्हणालात, हा तुमचा मोठेपणा.) कामिनीताईंचं बी.पी. आता गोळीवर राहतं का, की अजून लोणच्यावरच चालू आहे? जावईबापूंचा सुरतेहून रोज फोन येतो. दीपमाला उत्तम आहे. डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या तारखेला बारा दिवस उरले आहेत. तिला पायांवर थोडी सूज आहे, पण भूक चांगली आहे आणि आवाज तर पहिल्यापेक्षा मोठा झाला आहे.

घरात दोन फोन असताना हा माणूस पत्र का लिहितो, असं तुम्हाला वाटेल. आमच्या घरात फोनवर बोललेलं खाजगी राहत नाही. आमच्या रुक्मिणीबाई स्वयंपाकघरातून निम्मं ऐकतात आणि उरलेलं निम्मं स्वतः रचतात. म्हणून हे पत्र जामसिंगच्या हाती देतो आहे. तो पपई घेऊन अक्कलकुव्याकडे निघाला आहे, तसाच पुढे खापरला येऊन तुमच्या हातात देईल. पाकीट मी डिंकाने नीट चिकटवलं आहे. ते उघडलेलं दिसलं तर जामसिंगला चहा देऊ नका.

विषय तुमच्या गाडीचा आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून दीपमालाला आणली तेव्हा आमच्या दारात ट्रॅक्टर आणि मोटारसायकल एवढंच होतं. तुम्ही कोणी न सांगता आपली गाडी आणून उभी केलीत आणि पोरीच्या वेळेला दारात गाडी हवी म्हणालात. जाता जाता एवढंच म्हणालात की तेल बदलायला झालंय, तेवढं बघून योग्य ते घाला. मी म्हणालो, ते माझ्यावर सोडा. शांतीलालभाई, पस्तीस वर्षं ट्रॅक्टर चालवणाऱ्या माणसाला तेलातलं कळत नाही असं त्या वेळी तुम्हालाही वाटलं नाही आणि मला तर अजिबात वाटलं नाही.

दुसऱ्याच दिवशी मी नंदुरबारला तेलाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, कुठला नंबर? मी म्हणालो, चांगल्यातला. त्याने माझ्यासमोर सात डबे मांडले. प्रत्येकावर आकडा, मग इंग्रजी डब्ल्यू, मग पुन्हा आकडा. (एका डब्यावर लाल गाडी हवेत उडते आहे असं चित्र होतं. तो डबा मी लगेच बाजूला सारला, आपल्याला गाडी जमिनीवरच हवी आहे.) डब्ल्यू म्हणजे काय असं विचारल्यावर तो म्हणाला, थंडी. आधीचा आकडा थंडीतला, नंतरचा गरमीतला. आता मला सांगा, वैशाखात नंदुरबारला पारा चव्वेचाळीसवर, दुकानातला पंखा गरम वारा फेकतोय, आणि हा मनुष्य मला थंडीचं तेल विकतो आहे. मी त्याला म्हणालो की आमच्याकडे थंडी पौषात पडते, तेव्हा येईन. तो गाडीचं पुस्तक बघून या म्हणत होता. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि बाहेर पडलो. त्या वेळी मला आपण फसलो नाही याचा फार आनंद झाला होता.

गावात आल्यावर धुडकूला गाठलं. धुडकू आमच्याकडचे ट्रॅक्टर आणि पाण्याचे पंप दुरुस्त करतो, हाताला गुण आहे, फक्त स्वतःची मोटारसायकल ढकलत आणतो. त्याने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि निकाल दिला, "भाऊ, उन्हायामा पातय तेल टिकत नही. जाड टाका." जाड तेल तर घरातच होतं, ट्रॅक्टरचं, अर्धं पिंप. गाडी पेट्रोलची, ट्रॅक्टर डिझेलचा, हा विचार माझ्या मनात आला होता हे कबूल करतो. पण धुडकूसमोर तो बोलून दाखवायला मला लाज वाटली.

जुनं तेल काढून टाकलं, मग प्रश्न आला नवं किती घालायचं. तेल मोजायची जी कांडी असते तिच्यावर दोन खुणा असतात, खालची आणि वरची. ट्रॅक्टरला मी या खुणा बरोबर पाळतो. पण ही व्याह्यांची गाडी. तुम्हाला आमची रीत माहीत आहे, मुलीच्या सासरची वस्तू दारात आली तर ती रिकामी परत पाठवत नाहीत. डबा आला तर भरून जातो, पिशवी आली तर भरून जाते. तुम्ही जेवायला बसलात की तुमचा हात ताटावर आडवा आला तरी आम्ही वाढतोच. वरच्या खुणेपर्यंत तेल आलं तेव्हा मी थांबलो होतो, हे देवाशप्पथ खरं आहे. तेवढ्यात रुक्मिणीबाई ओट्यावरून म्हणाल्या, "याहीनी गाडी शे. तेल काय मोजीसन टाकतस?" मग मी आग्रह केला. गाडी नको म्हणू शकत नव्हती. एकूण पाच लिटर गेलं. धुडकू म्हणाला, आता ही दहा वर्षं बोलणार नाही. वर मी रोज सकाळी गाडीतल्या लाल कापडात बांधलेल्या पोथीला नमस्कार करत होतो. कापडावर कुंकवाचं स्वस्तिक होतं, तेव्हा कामिनीताईंनी काहीतरी स्तोत्र ठेवलं असणार असा माझा समज होता.

मागच्या गुरुवारी दीपमालाला तपासणीला न्यायचं होतं. ती मागच्या सीटवर, रुक्मिणीबाई तिच्या शेजारी, मी चाकाशी. गाव सुटलं तशी गाडी जड पावलांनी चालायला लागली, जेवून उठलेल्या पाहुण्यासारखी. मग मागून निळसर पांढरा धूर निघाला. आधी थोडा, मग इतका की मागचा रस्ता दिसेना. लग्नाला निघालेल्या एका जीपमधले पाहुणे फेट्यांसकट उतरले आणि गाडी पेटली समजून त्यांनी वऱ्हाडाचं प्यायचं पाणी आमच्या बॉनेटवर ओतलं. रुक्मिणीबाई कोणत्या तरी देवाला नारळ बोलत होत्या. दीपमाला मात्र शांतपणे खाली उतरली, सावलीत बसली, आणि मला ते लाल कापड आणायला सांगितलं. मला वाटलं पोर आता स्तोत्र म्हणणार. तिने गाठ सोडली. आत गाडीचं पुस्तक होतं. लक्ष्मीपूजनाला वह्यांबरोबर त्याचीही पूजा करून कामिनीताई ते बांधून ठेवतात, हे तिने तेव्हा सांगितलं. एका हाताने पोट धरून तिने पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवून मला विचारलं, "बाबा, आठे सव्वातीन लिटर लिखेल शे. तुम्ही कितलं टाकेल शे?"

मी बॉनेटवरचं पाणी पुसायला लागलो. जीपमधले पाहुणे फार आस्थेने ऐकत होते. पाच-डब्ल्यू-तीस, पेट्रोलचं, असा नंबरही तिथे स्वच्छ छापलेला होता, म्हणजे तो दुकानदार बिचारा खरं बोलत होता. शेवटी त्याच वऱ्हाडाने माझ्या लेकीला जीपमध्ये पुढे बसवून दवाखान्यात पोहोचवलं. तपासणी चांगली झाली, बाळ खाली सरकलं आहे.

गाडी दोरीने ओढून नंदुरबारच्या गॅरेजमध्ये नेली. त्यांनी सगळं तेल काढलं, फिल्टर बदलला, पुस्तकात लिहिलेलं तेल पुस्तकात लिहिलं तेवढंच घातलं. इंजिनला काही इजा झालेली नाही, असं मिस्त्री म्हणाला. मी त्याला ते तीनदा म्हणायला लावलं. आता गाडी अशी चालते की सुरू आहे की बंद हे बॉनेटला कान लावून बघावं लागतं. कांडी मी दिवसातून चार वेळा काढतो. आमचं अंगण उतरतं आहे, त्यात माप चुकतं, म्हणून गाडी शाळेच्या सपाट मैदानावर नेऊन मोजतो आणि परत आणतो. शाळेला सुट्टी आहे, कोणाला त्रास नाही.

तेव्हा काळजी नसावी. कामिनीताईंना नमस्कार, आणि पुस्तकाची गाठ मी सोडली नाही, तुमच्या सुनेने सोडली, एवढं त्यांना आवर्जून सांगा.

आपला,
रतिलाल

ता. क. जामसिंगबरोबर पपया पाठवल्या आहेत. आठ मोजून दिल्या आहेत.

ता. क. दुसरा. शांतीलालभाई, ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते अजून लिहिलेलंच नाही. दीपमालाच्या आधी आम्हाला एक मुलगा झाला होता. सोयरीक जुळवताना तुम्हाला हे बोललो नाही. लपवायचं नव्हतं, आमच्या घरात ते कोणी बोलतच नाही. सत्तावीस वर्षं झाली. कळा सुरू झाल्यावर असंच भर दुपारी रुक्मिणीबाईंना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादीवर निजवून मी नंदुरबारला निघालो आणि अर्ध्या वाटेत इंजिन जाम झालं. आत तेल नव्हतं. कापसाच्या घाईत मी पंधरा दिवस कांडी काढून बघितली नव्हती. दुसरं वाहन मिळेपर्यंत फार उशीर झाला. मूल राहिलं नाही. रुक्मिणीबाईंनी आजपर्यंत मला त्याबद्दल एक शब्द विचारलेला नाही. त्या दिवशी ओट्यावरून त्या मोजू नका म्हणाल्या, ते तुमच्या मानापानासाठी म्हणाल्या असं मी वर लिहिलं आहे. ते तसं नसावं.

गुरुवारी धूर निघाला तेव्हा दीपमालाने मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. तेव्हापासून मी गाडी फक्त शाळेच्या मैदानापर्यंत नेतो. पुढच्या रस्त्याला माझे हात चाक वळवतच नाहीत. १०८ चा नंबर भिंतीवर खडूने लिहिला आहे, पण ती गाडी येईपर्यंत दारात वाट बघणं मला जमणार नाही. गावातले चालवणारे सगळे लग्नसराईत, जावईबापू शनिवारशिवाय सुटत नाहीत. तुम्ही या. बाळाचा निरोप आल्याशिवाय व्याह्यांनी येऊ नये ही रीत मला माहीत आहे, आणि मुलीच्या बापाने काही मागू नये हीसुद्धा. मी मागतो आहे. बारा दिवस येऊन राहा आणि गाडी तुम्ही चालवा.

ता. क. तिसरा. मला भीती वाटते हे दीपमालाला आणि तिच्या आईला कळता कामा नये. त्यांना मी सांगितलं आहे की तेलाचं प्रकरण तुमच्या कानावर गेलंय, तुम्ही भयंकर चिडला आहात आणि गाडी न्यायला निघाला आहात. तेव्हा दारात आल्यावर सगळ्यांसमोर मला तेलावरून चांगलं फाडून बोला. धुडकूलाही बोलावून ठेवतो, त्यालाही सोडू नका. मग पाणी प्या आणि किल्ली मागा. मी देईन. आणि मग शांतीलालभाई, जाऊ नका.