ऑईलच्या झाकणाखालची साय

७ डिसेंबर, रविवार. अवसरी बु.
गाडीचं ऑईल बघावं म्हणून झाकण उघडलं, तर आतून पांढरी साय. ऑईलमध्ये पाणी म्हणजे इंजिन संपलं, एवढं ऐकून आहे. धनाभाऊजी, माझे धाकटे दीर, दर रविवारी विहिरीवर पाइप लावून गाडी धुतात. माझा पाराच चढला. जेवताना सगळ्यांसमोर मी म्हणाले, "भाऊजी, इंजिनात पाणी घातलंत तुम्ही."
त्यांचा घास हातातच राहिला. "वहिनी, मेंढरं धुताना त्यांच्या कानात पानी जाऊ दिलं न्हाई म्या कधी. इंजिनात कसं जाईल?"
सासूबाई (सा.बा.) भाकरी वाढत राहिल्या. हे मोबाईलमध्ये. मी वर आणखी, "गाडी म्हणजे मेंढरू नव्हे."

१० डिसें.
ऑईल बदललं. रविवारपासून भाऊजी मेंढरांपाशीच राहतात, जेवणही तिकडेच. थंडी मी म्हणतेय. मी शिकवते ती शाळा जेमतेम दोन किमी. इंजिनच्या तापमानाचा काटा वर चढायच्या आत शाळा येते, गाडी बंद.

१९ डिसें.
पुन्हा साय! आणि गाडी तेव्हापासून धुतलेलीच नाही, धुळीने माखलीय. मग पाणी आलं कुठून?

२१ डिसें., रवि.
सा.बां.ना घेऊन आणे गावी बारशाला गेले. लांबचा पल्ला, इंजिन चांगलं तापलं. घरी येऊन गार झाल्यावर झाकण उघडलं. साय बरीचशी गेलेली.
म्हणजे थंडीत आत दव धरतं, गाडी तापली की उडून जातं. माझी तापतच नाही. साय माझ्याच दोन किमीची. उचलली जीभ लावली टाळ्याला. लाज वाटतेय.

२४ डिसें.
भाऊजींचा डबा घेऊन मीच गेले, सांगायचंच म्हणून.
"लई गारठा हाय," ते म्हणाले.
"हो ना, फार," मी म्हणाले आणि न सांगताच परत आले. शी.

२८ डिसें., रवि.
गाडी धुवाल का, म्हणून भाऊजींना विनवलं. आले. आधी बॉनेट उघडून ऑईलच्या झाकणावर प्लास्टिकची पिशवी चढवली, सुतळीने आवळली. बघवेना. जवळ जाऊन मी हळूच म्हणाले, "नका बांधू. तुमच्यामुळे नव्हतं ते. मीच गाडी तापू देत नव्हते. चुकलं माझं."
त्यांनी गाठ मारली. "बोलला चारचौघांत, आन् हे माझ्या कानात व्हय, वहिनी?"
खोलीत येऊन लिहितेय. पाइप बंद झाला. सा.बां.नी आज त्यांचंही ताट मांडलंय.
जेवायची हाक आली.