दुसऱ्याचं गाऱ्हाणं

आजोबा, आज मधल्या सुट्टीत माझ्या वर्गातली मुलं भांडली आणि मी सोडवायला गेले नाही. दुसऱ्या कोणाला हे सांगितलं तर त्यात सांगण्यासारखं काय, असं विचारतील, म्हणून तुम्हाला लिहिते आहे. हे पत्र टाकायला पेटी नाही, हे मला कळतं.

तुम्ही गेलात तेव्हा मी सहावीत होते. आता राजापूरच्या रस्त्यावरच्या एका गावात, कातळावरच्या प्राथमिक शाळेत शिकवते. शाळेत आम्ही दोघंच, मुख्याध्यापक सर आणि मी. मी रत्नागिरीहून एसटीने जाऊन येऊन करते. पहिल्या वर्षी दिवसभर माझ्याभोवती एकच गलका असायचा, "बाई, ह्याने मला ढकललं," "बाई, ही चिडीचा डाव खेळते." मी प्रत्येकाचं ऐकायचे, निवाडा करायचे, आणि परतीच्या एसटीत खिडकीला डोकं टेकून आपण कोणावर अन्याय तर केला नाही ना, याची उजळणी करत बसायचे. सर म्हणायचे, "बाई, पोरं भांडतात, पोरं मिटवतात. आपण आयोडीनची बाटली तेवढी भरलेली ठेवायची." पण ती मिटवत नव्हती. ज्याच्या विरुद्ध मी निकाल द्यायचे तो माझ्यासमोर मान हलवायचा आणि घरी जाताना पाणंदीत, जिथे ना बाई ना सर, तिथे दुसऱ्याला गाठायचा. एकाचं कपाळ फुटलं तेव्हा मला तुमची पडवी आठवली.

पडवीत तुम्ही सुपारी सोलत बसला आहात. त्याच पडवीत, सुपातल्या तांदळात बोट फिरवून, तुम्ही मला शाळेआधी अक्षरं शिकवलीत. मी आणि माझा चुलतभाऊ काजूच्या बियांवरून एकमेकांच्या झिंज्या उपटून तुमच्यासमोर उभे आहोत. शिमग्यात पालखीपुढे गाऱ्हाणं घालण्याचा मान तुमचा. कोणाचा मुलगा मुंबईत आजारी, कोणाची गाय आटलेली, सगळ्यांचं मागणं तुम्ही देवापुढे मांडायचात आणि सारा गाव "होय महाराजा" म्हणायचा. तिथे गाऱ्हाणं दुसऱ्याचं घालायचं असतं, स्वतःचं नाही. तोच नियम तुम्ही घरात आणला होता. "तू ह्याचं घाल, मग हा तुझं घालील. मी जरा विहिरीवर जाऊन येतो."

मग मी हात जोडून, नाक ओढत, "हे महाराजा, ह्याचं म्हणणं असं की हा सकाळी उठून आपल्या झाडाखाली गेला, आणि ही भवानी अगोदरच बिया उचलून बसली होती." भाऊ लगेच, "होय महाराजा! भवानीच ती!" एखादा शब्द खोटा पडला तर होय मिळायचं नाही, पुन्हा पहिल्यापासून. दोन्ही गाऱ्हाणी होईपर्यंत आम्हाला हसू फुटलेलं असायचं. एकदा मी हट्ट धरला की तुम्हीच सांगा, खरं कोणाचं. तुम्ही सुपारीवरची नजरही न काढता म्हणालात, "मी सांगीन गो, पण मी गेल्यावर कोणाकडे जाल?" तेव्हा तुम्ही विहिरीवर जाण्याबद्दलच बोलता आहात, असं मला वाटलं होतं.

तर ते मी शाळेत सुरू केलं, "होय महाराजा"सकट. मुलांना भारी आवडलं. पाणंदीतल्या मारामाऱ्या थांबल्या. चौथीतली एक मुलगी तर समोरच्याचं गाऱ्हाणं असं घालते की त्याला स्वतःला इतकं नीट सांगता आलं नसतं. मुलं तिला वकील म्हणतात. मी खूश होते, आजोबा. मग परवा लगोरीत चेंडू लागला की नाही यावरून तिचं आणि एका मुलाचं जुंपलं. त्याने तिची बाजू मांडली, तिने ऐकली, पण "होय महाराजा" काही म्हटलं नाही. तो ओरडला, "होय म्हण ना! म्हणत नाय म्हणजे तुला पटलं नाय. हिला मिटवायचाच नाय, बाई!" ती म्हणाली, "पटलंय मला. पण तसं आमच्याकडे नाय म्हणत."

ती बौद्धवाडीतली. पालखी त्यांच्या अंगणात जात नाही आणि ते पालखीला येत नाहीत. इतके महिने ती सगळ्यांची गाऱ्हाणी घालत होती आणि होय म्हणायची वेळ आली की ओठ मिटून घेत होती, आणि वर्गात कोण फळ्याकडे डोळे बारीक करून बघतं हेसुद्धा टिपणाऱ्या मला ते दिसलं नाही. मी घाईने भांडण थांबवलं, घंटा दिली. तिच्या घरी जाऊन आईची माफी मागू का, असं सरांना विचारलं. सर म्हणाले, "माफी पोरीची मागा. आईला कशाला घाबरवता?" ही पद्धत बंद करायची असं ठरवून आज सकाळी एसटीत मी मुलांना काय सांगायचं ते घोकत होते.

सुट्टीत मी बाहेर आले तर ती दोघं पुन्हा भांडत होती. मी निघालेच होते, पण पाण्याच्या टाकीमागेच पाय थांबले.

"मग तू काय म्हणशील?" तो विचारत होता.

"बरोबर, असं म्हणेन."

"बरोबर बाई म्हणतात, वहीत. तू काय बाई हायस?"

सगळी हसली. तीही हसली. मग खाली वाकून तिने लगोरीची एक चकती उचलली, जांभ्याची, झिजून गुळगुळीत झालेली. "तू माझं सांग. बरोबर सांगितलंस तर मी दगड ठेवीन. चुकलं तर नाय ठेवणार. मग मी तुझं सांगते, तू ठेव. लगोरी पुरी लागली की भांडण मिटलं."

"आणि कोणी पाडली तर?"

"मेल्या, पाडायला बघतोसच कशाला?"

लगोरी लागली. मग त्याच लगोरीवर चेंडू मारून डाव सुरूही झाला. माझी घोकलेली वाक्यं तशीच राहिली.

सुट्टी संपताना ती हात धुवायला टाकीवर आली. मी म्हटलं, "इतके दिवस माझ्या लक्षात आलं नाही. माझं चुकलं."

"असं नाय, बाई. आधी माझं सांगा."

मी सांगितलं. तिला खेळायचं होतं, सगळ्यांसारखं भांडण मिटवायचंही होतं, पण त्यासाठी जे म्हणायला लागत होतं ते तिचं नव्हतं, आणि बाईंनी एकदाही विचारलं नाही. तिने थोडा विचार केला, एक खडा उचलला आणि टाकीच्या कठड्यावर ठेवला. मग जाता जाता म्हणाली, "बाई, मघाशी तुमची ओढणी दिसत होती टाकीमागून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला ऐकायचं होतं ना."

आजोबा, तुम्हीही विहिरीवर कधी जात नव्हतात. माजघराच्या दाराआडून तपकिरीची शिंक दाबल्याचा आवाज यायचा. आम्हा दोघांनाही ते माहीत होतं. आम्ही एकमेकांकडे बघायचो आणि गाऱ्हाणं जरा मोठ्याने घालायचो, तुम्हाला नीट ऐकू यावं म्हणून.