कूलरच्या खोलीतला जावई

१९ मे, मंगळवार

परत खेळलो!

सकाळी दात घासताना ठरवलं होतं, आज नाही. ऑफिसचं काम जेवणाआधीच संपलं. काम तरी काय — जुना प्रोजेक्ट आटोपलाय, नवा मिळेपर्यंत हजेरी लावायची आणि दोन-चार मेलना उत्तरं द्यायची. पगार चालू. मग दार लोटलं, कानाला हेडफोन लावला आणि बसलो ते थेट चहापर्यंत.

हे क्लाउड गेमिंग फार वाईट. माझा लॅपटॉप पापडासारखा पातळ, त्याच्यात एरवी एक धड गेम चालली नसती. पण गेम इथं चालतच नाही. ती कुठल्यातरी लांबच्या मोठ्या कॉम्प्युटरवर चालते, नेटवरून माझ्याकडं नुसतं चित्र येतं. बाहेर त्रेचाळीस अंश आणि मी बर्फाच्या घाटात गाडी पळवतोय! तरी या उन्हात लॅपटॉप तापतोच. तापला की चित्र अडखळतं आणि गाडी दरीत. म्हणून कूलरचं तोंड लॅपटॉपकडं. घरातला एकुलता एक कूलर. मी आल्या दिवशीच मामींनी — सासूबाईंनी — तो हॉलमधून माझ्या खोलीत आणवला. "हापिसची मशीन हाय, तापून चालायची नाय."

तनुजा बाळंतपणाला माहेरी आलीय, सातवा लागलाय. मी तिच्या सोबतीला म्हणून आलो. घरून काम चालतं म्हटल्यावर राहिलो. खरं तर माझं घर बिडकीनला, तासाभराच्या आत. आईला सांगितलं, तिकडं नेट नाही. नेट आहे. पण आई दार ढकलून आत येते आणि म्हणते, ऊठ, म्हशींना पाणी दाखव. इथं दार कोणी ढकलत नाही. जावयाच्या खोलीचं दार!

२१ मे

नळाला आठवड्यानं पाणी येतं. कूलर रोज तीन-चार बादल्या पितो. मामी हळूच आत येऊन ओततात, पडद्याकडं बघतही नाहीत. आज मामींच्या हातातली बादली घ्यायला गेलो तर ओरडल्याच. "आता गं बया! जावयानं बादली उचलायची व्हय? लोक काय म्हणतील?" मी लगेच सोडली. किती लगेच सोडली, ते लिहायलाही लाज वाटते.

दुपारी गेम अडखळायला लागली. मी चरफडत बाहेर आलो, म्हटलं नेट कोण वापरतंय? मामा पंख्याखाली फरशीवर आडवे होऊन मोबाइलवर कुस्त्या बघत होते. बनियन भिजलेलं. मी काही बोलायच्या आत मामींनी त्यांच्या हातातला मोबाइल काढून घेतला. "त्यांच्या कामाला तटतंय, तुमचं काय चाललंय?" मामा म्हणाले, "बंद केलं बापू, बंद केलं. करा तुम्ही."

वाळूजच्या कंपनीत जन्मभर पाळ्या केलेला माणूस. माझ्या गाडीसाठी त्यांनी कुस्ती सोडली. गाडी तिसरी आली.

२३ मे

आज खेळलो नाही. (दुपारपर्यंत.)

२४ मे, रविवार

शेजारच्या गोजरबाई आल्या होत्या. दाराआडून ऐकलं. "रविवारी बी काम? लई कष्टाळू जावई गावला गं तुला वच्छला." मामी म्हणाल्या, "तोंड बघा ना त्यांचं, कसं उतरलंय. जेवताना बी चित्त नाय."

चित्त नव्हतंच. जेवताना मी घाटातलं सहावं वळण कसं घ्यावं ते मनात घोळवत होतो.

दिसायला साव आणि आत काय, माझं मलाच ठाऊक.

२५ मे

आज जे कळलं ते कुठं ठेवू?

तनुजाने सांगितलं. मामी धोंड्याचा महिना लागल्यापासून एकवेळ जेवतायत. मला वाटलं, अधिक महिना आहे, बायका काही ना काही धरतात, तसंच असेल. तर म्हणाली, "तुझ्यासाठी धरलंय. तुझ्या नोकरीसाठी."

मामी मोबाइलवर बातम्या बघतात. कंपन्या माणसं काढतायत म्हणे. त्यात मी दिवसभर दार लावून बसलेला, कपाळाला आठ्या, मध्येच आतून "गेलो, गेलो!" असं ओरडणं. त्यांनी ताडलं — जावयाची नोकरी जाणार, आणि पोर तर तीन महिन्यांवर आलंय. घरात कोणाला घोर नको म्हणून तनुजालाही आजवर बोलल्या नव्हत्या. महिना सरेपर्यंत एकभुक्त, देवा, एवढी नोकरी राख.

त्यांना साखरेचा त्रास आहे. दोन वेळच्या गोळ्या आहेत. या उन्हात!

तनुजा म्हणाली, "खरंच आहे का रे धोका? मला तरी सांग." मी म्हटलं, काम जास्त आहे इतकंच. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

उद्या मामींना सांगायचं. उद्या नक्की.

२६ मे

नाही सांगितलं.

स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो होतो. मामी अनारशाचं पीठ मळत होत्या. "काय पायजे बापू? चहा टाकू?" मी म्हटलं, टाका.

२७ मे

दुपारी खोलीत मोठ्यानं काहीतरी पडलं. हेडफोन होता तरी ऐकू आलं. वळून बघतो तर कूलरपाशी बादली कलंडलेली, पाणी दारापर्यंत, आणि मामी भिंतीला धरून खाली बसलेल्या. डोळे मिटलेले, अंगाला दरदरून घाम. माझ्या मागं पडद्यावर गाडी चालूच होती.

मामांनी धावत येऊन तोंडात साखर घातली. "गोळी घेती अन् जेवत नाय! मरायचंय का?" जरा वेळानं मामींनी डोळे उघडले आणि काय म्हणाल्या? "पाणी सांडलं ओ. मशीनला तर नाय ना लागलं?"

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, दोन्ही वेळा जेवायचंच. मामी म्हणाल्या, "बोललेलं मोडत नसतं." मामा चिडले, तनुजा रडली, त्या ढिम्म.

तेव्हा खरं सांगायचं होतं. त्यासारखी वेळ परत यायची नाही. आणि मी काय केलं? म्हटलं, "मामी, आत्ताच मेल आला. नवा प्रोजेक्ट मिळाला. नोकरी पक्की झाली. आता व्रत सोडा."

खोटं झाकायला दुसरं खोटं! पण त्यांनी देवासमोर साखर ठेवली आणि संध्याकाळी भाकरी खाल्ली. मीठ-तेलाच्या चटणीशी, चवीनं. मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू.

इतकं हलकं वाटलं की जेवण होऊन खोलीत आलो आणि एक रेस खेळलो. थू!

३१ मे, रविवार

आज धोंडे. आम्हा दोघांना पाटावर बसवलं. मामांनी माझ्या पायांवर तांब्यातून पाणी ओतलं, वाकून, गुडघ्याला हात देऊन. नवे कपडे, अनारशांचं ताट, तांब्याचा दिवा. ओवाळताना मामी सगळ्यांदेखत म्हणाल्या, "देव पावला बाई. जावयाची नोकरी राह्यली. आता मला काय नगं." गोजरबाईंनी हात जोडले. मी पुरणाचा धोंडा मोडत राहिलो, मामी तूप वाढत राहिल्या.

मंडळी गेल्यावर स्वयंपाकघरात गेलो आणि सांगून टाकलं. उभ्या उभ्या, खाली बघत. की मेल आला नव्हता. नोकरीला धोका नव्हताच कधी. दार लावून मी खेळत होतो.

"कसला खेळ?"

"गाड्यांचा."

"पगार येतो ना?"

"येतो."

पुरणाचं पातेलं घासत होत्या, घासत राहिल्या. मग म्हणाल्या, "तनीला ठावं हाय?"

"नाही."

"बरं." नळ बंद होता, पातेलं बादलीत बुडवून विसळलं. अगदी थोड्या पाण्यात. वर बघितलं नाही.

मी कूलर उचलून हॉलमध्ये मामांच्या उशाशी लावला. ते म्हणाले, "का बापू, काम झालं व्हय?" म्हटलं, झालं.

सांगून टाकल्यावर बरं वाटतं म्हणतात. मला नाही वाटलं. पण निदान त्या जेवतील.

२ जून

मामींनी परत एकभुक्त धरलंय.

संध्याकाळी त्यांचं ताट नाही बघून तनुजा भडकली. "नोकरी राहिली ना? आता कशाला?" मामी म्हणाल्या, "मागलं खोट्यावर सुटलं. राहिलेले दिवस भरते."

"खोट्यावर? कुणाच्या खोट्यावर?"

"माझ्याच," मामी म्हणाल्या, आणि माझ्या भाकरीवर तूप घातलं.

मी समोरच बसलो होतो. जेवलो.