सवतीचा लिलाव, आणि माझ्यामागे कोणाचे काय

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणऐंशी, शिक्षण चौथी (तीही अर्धी), धंदा मोटारींचे कुशन शिवणे, हल्ली डोळ्यांमुळे बंद, लिहून ठेवते ते असे. आज माझी अक्कल जागेवर आहे. मला कोणी दम दिलेला नाही, कोणी गोड बोलून बसवलेले नाही, आणि हे लिहिताना घरात माझ्याशिवाय कोणी नाही. याआधी लिहिलेले एक मृत्युपत्र मीच फाडले आहे. का फाडले ते शेवटी येईल.

वकीलबाई म्हणाल्या, आजी, मुद्द्याला धरून लिहा. एरवी लिहायला मला फार आवडते आहे, खोटे कशाला सांगू. चार दिवस रोज एक पान होते, आणि माझे अक्षर मला वाटले होते त्यापेक्षा गोंडस आहे. पन्नास वर्षे मशीनवर माझी टीप कधी वाकडी गेली नाही. बोलणे मात्र जाते. सांभाळून घ्यावे.

मुद्दा एकच आहे आणि तो आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणी घाईत पाने उलटायला नको. माझ्या धाकट्या सुनेने गाडीच्या व्यवहारात एक पैसा खाल्लेला नाही. चूक माझी होती. बाकी सगळे वस्तूंचे वाटप आहे.

कलम पहिले, घर. वरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि खालचे गॅरेज, हे थोरल्या आणि धाकट्या मुलाला अर्धे अर्धे. मध्ये भिंत घालायची असेल तर मी गेल्यावर घाला, मला ठोकाठोकीचा आवाज पुरे झाला आहे.

कलम दुसरे, मशीन. जाड कातड्याची शिवणमशीन माझ्या नातीला, म्हणजे थोरल्याच्या मुलीला. ती शिवणार नाही हे मला माहीत आहे. तिने त्यावर कॉम्प्युटर ठेवला तरी चालेल, पण तेल घालत जावे. दाभणे, खडू आणि कात्री त्याच डब्यात आहेत. मोठ्या कात्रीने कागद कापला तर मी वरून बघेन.

कलम तिसरे, हातोड्या. ह्यांच्या सात हातोड्या आणि पत्र्याला मागून धरायचे लोखंडी ठोकळे थोरल्याला. हे पत्रा ठोकायचे तेव्हा थोरला लहानपणी मागून ठोकळा धरायचा, आणि हे म्हणायचे, याचा हात हलत नाही. थोरल्या, तुझा हात हलत नाही हे खरे आहे. मतही हलत नाही, तीच अडचण आहे.

कलम चौथे, सवत. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. सवत म्हणजे दोन दाराची जुनी मोटार. आमच्या लग्नाला नऊ वर्षे झाली तेव्हा ह्यांनी ती भंगारातून उचलून आणली. छत बसलेले, आत उंदरांची पिल्ले. मी म्हटले, हे काय आणलेत? तर म्हणाले, हिला नीट करू. त्या 'करू'मध्ये बावीस वर्षे गेली. गिऱ्हाइकांचे काम संपले की हे तिच्यापाशी. जेवण गार व्हायचे. मी जिन्यातून ओरडायचे, सवतीला सांगा आता सोडायला. तेव्हापासून तिचे नाव तेच पडले. पण सवतीच्या सीटा कोणी शिवल्या? मीच. गडद लाल कातडे, काठाला पांढरा गोट, एका इंचात आठ टाके. सवतीला लुगडे नेसवणारी मी जगात एकटीच असेन.

हे गेले आणि गाडी खाली झाकून राहिली. तशाच एका गाडीला इंटरनेटवरच्या लिलावात दोन खोल्यांच्या घराएवढी किंमत आली, हे थोरल्याने पेपरात वाचले आणि कात्रण आणून माझ्या मशीनवर डकवले. तेव्हा विकायची नव्हती. मग मंदी आली. थोरल्याचे स्पेअर पार्टचे दुकान बसले, धाकट्याचा पगार अर्धा झाला, गल्लीतल्या तीन गॅरेजांना कुलपे लागली. मग ठरले, विकू या. पण आपल्याला सुचते ते दुसऱ्यालाही सुचतेच ना. ज्याच्या ज्याच्या घरी झाकलेली गाडी होती त्याने त्याने ती त्याच महिन्यात बाहेर काढली. घेणारे कमी आणि विकणारे फार.

इंटरनेटवर लिलावाचा फॉर्म भरायला धाकटी सून बसली. ती दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर काम करते, तिला कॉम्प्युटर येतो. मी समोर शिवत होते. ती एकेक विचारत होती, मी सांगत होते. रंग, इंजिन, किती साली घेतली, सीटा कोणी शिवल्या. मग तिने विचारले, "आई, रिझर्व्ह किती ठेवायचा?"

आता हा शब्द नीट ऐका. असल्या जुन्या गाडीत ड्रायव्हरच्या पायाशी एक पितळी कॉक असतो. टाकीतले पेट्रोल संपत आले की तो बुटाच्या टोकाने फिरवायचा, मग राखून ठेवलेले पाच लिटर सुरू होते. त्याला रिझर्व्ह म्हणतात. गाडी रिझर्व्हला लागली म्हणजे गुमान घर गाठा. पन्नास वर्षे गॅरेजात मी हा शब्द ऐकला तो याच अर्थाने. आणि हे सांगून ठेवायचे, उभ्या गाडीत पेट्रोल ठेवू नये, शिळे होते, कॉक चिकटतो.

म्हणून मी म्हटले, "काही ठेवू नकोस. शून्य लिही."

ती थांबली. म्हणाली, "नक्की ना? मग कुठवर जाईल सांगता येत नाही."

मी म्हटले, "जाईल तिथवर जाईल. नेणारा बघून घेईल."

तिने लिहिले. तिला वाटले, आईंना गाडी काहीही करून जायला हवी आहे. लिलावात रिझर्व्ह म्हणजे 'याच्या खाली देणार नाही' असा आकडा असतो, हे मला कोणी सांगितले नव्हते. मी विचारलेही नाही, कारण मला वाटले मला येते. अडाण्याला प्रश्न पडतो. अर्धवट शहाण्याला पडत नाही.

लिलाव सात दिवस चालला आणि रविवारी दुपारी संपायचा होता. आम्ही सगळे या टेबलाभोवती. नात मोठ्याने वाचत होती. आकडा मुंगीसारखा वर चढत होता, आणि मी मजेत होते. कारण खाली लोक लिहीत होते, आणि एकाने लिहिले, या सीटांची शिलाई कोणाची आहे, असे काम आता कोणी करत नाही. नातीने उत्तर टाकले, माझ्या आजीने शिवल्यात. त्यावर अकरा जणांनी टाळ्या पाठवल्या. अकरा. कुठले कुठले लोक, कधी तोंड पाहिले नाही त्यांचे. मी नातीला ते तीनदा वाचायला लावले. इकडे शेवटची दोन मिनिटे उरली आणि आकडा हलेना. नात म्हणाली, आजी, शेवटच्या क्षणी कोणी बोली लावली की घड्याळ पुन्हा दोन मिनिटे मागे जाते. आम्ही वाट पाहिली. एकदा मागे गेले. मग गेले नाही.

सवत गेली ती जुन्या स्कूटरच्या भावात.

थोरल्याने विचारले, रिझर्व्ह का नाही ठेवला? मला वाटले हा पेट्रोलवरून बोलतो आहे. पाच लिटरसाठी एवढा तांबडालाल? मी सुईत दोरा ओवत राहिले. मग तो धाकटीकडे वळला. म्हणाला, ओळखीच्या माणसाला फुकटात द्यायची होती, मधले किती मिळाले? तिने माझ्याकडे पाहिले. मी दोऱ्याकडे. ती म्हणाली, "चूक माझी झाली, भाऊजी."

आणि धाकटा, तिचा नवरा, काही बोलला नाही. नवरा गप्प राहिला की बायको चोर ठरते. धाकट्या, हे तुला माहीत नसेल तर आता लिहून दिले आहे.

ती खरे का बोलली नाही, हे मला गुरुवारी कळले. गाडी न्यायला एक निवृत्त बसड्रायव्हर आला. साधा माणूस, हातात टोपी. म्हणाला, आजी, मंदी नसती तर असली गाडी मला काचेतूनसुद्धा दिसली नसती. रिझर्व्ह नव्हता म्हणून धाडस केले. मी म्हटले, आहे की रिझर्व्ह, पेडलच्या शेजारी पितळी कॉक आहे. तो हसला आणि मग समजावून सांगितले. मी गॅरेजातल्या स्टुलावर बसले. धाकटी सून पाठीमागे उभी होती. तो गेल्यावर मी म्हटले, आत्ता थोरल्याला फोन लावते. ती म्हणाली, "आई, राहू द्या. ते कागद तयार करून बसलेत."

कागद म्हणजे असे. त्याच महिन्यात थोरल्याने एक अर्ज आणला होता की आईला आता व्यवहार कळत नाही, सह्या मी करीन. वाईट मनाने नव्हे. दुकान गेले होते, घर तरी हाती राहावे म्हणून. मी सही केली नाही. पण शून्य मी लिहायला सांगितले हे कळले असते, तर त्याला आयता पुरावा मिळाला असता. म्हणून ती चोर झाली, आणि मी शहाणी राहिले.

दोन वर्षे झाली. थोरला ती आली की उठून गॅलरीत जातो. ती येते, माझ्या डोळ्यांत थेंब घालते, जाते. थोरल्याला मी फार दोष देत नाही. मंदीकडे बोट दाखवता येत नाही, सुनेकडे येते. आणि रिझर्व्ह ठेवला असता तर गाडी विकलीच गेली नसती, त्या महिन्यात बाकीच्या नऊ गाड्या तशाच परत गेल्या, हे नातीने मला शोधून सांगितले. पण तो हिशेब वेगळा. खोटे ते खोटे.

कोणी म्हणेल, म्हातारीची बुद्धी फिरली होती. नाही. ज्या बाईने कधी गाडीखाली डोके घातले नाही तिची ही चूक झालीच नसती. तिने विचारले असते, रिझर्व्ह म्हणजे काय. डॉक्टरांचा दाखला टाचणीने लावला आहे, पण माझ्या मते हे कलमच दाखला आहे.

कलम पाचवे, जुनी भांडणे. रेक्झिनवाला तीस वर्षे अर्धा हात कमी मोजायचा. तो गेला, त्याला माफ. त्याच्या मुलाला नाही, तो अजून कमी मोजतो. माझ्या नणंदेने माझी मोत्याची कुडी नेली ती तिलाच असो, एकच आहे, दुसरी माझ्याकडे होती ती हरवली. दोघी सारख्या झालो.

कलम सहावे, शिल्लक. बँकेत आहे ते माझ्या शेवटच्या खर्चाला. उरले तर नातीला. फार उरणार नाही, आशा धरू नये.

कलम सातवे, धाकटी सून. फाडलेल्या कागदात मी अख्खे घर तिच्या नावे लिहिले होते. गेल्या आठवड्यात एका दुपारी ती थेंब घालायला आली तेव्हा मी तो तिच्यापुढे ठेवला. मला वाटले, खूश होईल. तिने उभ्यानेच वाचला. दोनदा वाचला. मग म्हणाली, "घर मला दिलंत तर भाऊजी म्हणतील, घरासाठी म्हातारीकडून लिहून घेतलं. मग तुम्ही खरं लिहिलेलंही खोटं होईल."

मी विचारले, "मग तुला देऊ काय?"

"काही देऊ नका, आई. काही दिलं नाहीत तरच ते खरं वाटेल."

मग तिने मला मान वर करायला सांगितली आणि थेंब घातले. डोळे बराच वेळ वाहत होते. ती म्हणाली, आज औषध जास्त पडले.

म्हणून, विचार करून, लिहिते. धाकट्या सुनेला काही नाही. घरात वाटा नाही, भांडे नाही, चमचा नाही, जुने लुगडे नाही. मला जिला सगळ्यात जास्त द्यायचे होते तिलाच मी काही देत नाही, आणि ते का, हे या कागदात आहे.

आणखी एक. मृत्युपत्र माणूस मेल्यावर उघडतात. ती पद्धत मला सोयीची होती. भित्र्याला फार सोयीची. पण मी आणखी चार वर्षे जगले तर ती चार वर्षे चोर राहणार. तेव्हा याची एक नक्कल मी स्वतः उतरवून काढली आहे आणि आज थोरल्याच्या पत्त्यावर पाठवते आहे. थोरल्या, मला वेडी ठरवायचे असेल तर ये. मी घरीच आहे.

वाचून पाहिले, बरोबर आहे. दोन ठिकाणी खाडाखोड, ती माझीच.

सही: तुमची आई

साक्षीदार पहिले: समोरच्या जिन्याखालचे घड्याळजी. यांनी मजकूर वाचला नाही, मला सही करताना पाहिले.

साक्षीदार दुसऱ्या: वकीलबाई. यांनी मजकूर वाचला, आणि मग बराच वेळ पाणी पीत बसल्या.

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल.

दिनांक: नऊ डिसेंबर, मंगळवार, दुपारचे टपाल निघण्याआधी.