उसना आवाज

देवबाग, १४ एप्रिल २०२४

ती. फिलूबायेस आंजूचा सा. न. वि. वि. प्रभूची शांती तुमच्या घरी असो.

फोनवर नुसती रडतेस, त्यापेक्षा लिही म्हणालीस, म्हणून लिहिते. यंदा खुरसाच्या फेस्ताला, आपल्या क्रुसाच्या सणाला, तू येत नाहीस, हे पेद्रूभावोजींनी कळवल्यापासून एकच घोर लागलाय. लदीन कोण म्हणणार? पुढून संतांची नावं घ्यायचीस तू, मागून 'आमच्यासाठी विनंती कर' म्हणायचं आम्ही. आता वाड्यावरची माणसं म्हणतात, बहीण तुझी, तर तूच म्हण.

बाय, मला स्वतःची प्रार्थना येत नाही गो. नवऱ्याची होडी परतायला उशीर झाला, सासूला ताप आला, की मी तुला फोन लावायचा, तू प्रार्थना करायची आणि मी आमेन म्हणायचं. चार माणसांपुढे उभं राहायचं म्हटलं तरी मी नावं विसरते. म्हणून युक्ती काढलीय. गेल्या वर्षीची तुझी लदीन मोबाइलमध्ये आहे, तीच स्पीकरवर लावीन. जुन्या मेणबत्त्यांची टोकं वितळवून नव्या केल्यात, वाटायचे चणेही स्वस्तात मिळाले. तेवढा तुझा आवाज असला की झालं.

लोभ आहेच, प्रार्थनेतही ठेव.
तुझी आंजू

बांदा, १९ एप्रिल

चि. आंजूस अ. उ. आ.

पत्र वाचून हसू आलं. विरजणसुद्धा शेजारणीकडून आणत नाहीस, आणि प्रार्थना मात्र उसनी? देव काय माझ्या ओळखीचा तलाठी आहे, की मी शब्द टाकला तरच तुझं काम करील? लहान होतीस तेव्हा भरवलं. आता दोन पोरांची आई झालीस, हाताने जेव. मोबाइल लावू नकोस. चुकलीस तर चूक, पण तोंड तुझं असू दे.

माझा घसा जरा धरलाय, म्हणूनही फोन नको. भात गिळवत नाही, पेजेवर आहे. पेद्रू उगाच तोंड पाडून बसतो. तू काळजी करू नकोस.

रागावली असलीस तरी उत्तर धाड.
तुझी फिलूबाय

देवबाग, ६ मे

ती. फिलूबायेस सा. न. वि. वि.

तू शुद्धीवर आलीस असं भावोजी म्हणाले, तेव्हा कुठे चूल पेटवली.

तुझं ऐकलं नाही मी. तीन तारखेला खुरसापुढे चटया टाकल्या आणि मोबाइलच लावला. तुझा आवाज आला तशी माणसं हात जोडून बसली. सासू मात्र फिलू खंय लपलीसा म्हणून इकडेतिकडे बघत होती. अर्ध्यावर फोन वाजला नि तुझा आवाज तुटला. भावोजी होते. रडत म्हणाले, फिलूच्या घशात गाठ आहे, उद्या ऑपरेशन, आवाज राहील की नाही ते डॉक्टर सांगत नाहीत.

त्यानंतर मोबाइल पुन्हा लावायला माझा हात धजेना. माणसं वाट बघत होती. सासू मागून म्हणाली, वारो सुटलो, मेणबत्ती विझतली, बोल गो. मग बोलले. दोन संत विसरले, एकाचं नाव परत आलं. शेवटी तोंडातून गेलं, बांद्याची आमची फिलूबाय. सगळे सवयीने म्हणाले, आमच्यासाठी विनंती कर. मी म्हटलं, नाही, आज तिने नाही, आपण तिच्यासाठी. त्याला ठरलेले शब्द नव्हते. तेव्हा मीच मागितलं, माझ्या शब्दांत. काय मागितलं ते आता धड आठवतही नाही.

तू लपवलंस याचा राग आहे. भीतीही गेली नाही. गाठ कसली निघते या विचारात काल आमटीत दोनदा मीठ पडलं. पण रोज मीच मागते.

पेजेबरोबर माझा लोभही गिळ.
आंजू

बांदा, १६ मे

चि. आंजूस अ. उ. आ.

पेद्रूने खाटेशी बसून तुझं पत्र वाचलं. गाठीचा रिपोर्ट अजून यायचाय. आवाजाचं कुणी काही सांगत नाही.

तुला शहाणपण शिकवत होते, तेव्हा मीच घाबरलेली होते. जन्मभर दुसऱ्यांसाठी मागितलं. स्वतःसाठी मागायला तोंड उघडलं, तर नुसता वारा बाहेर येतो. मनात म्हणू बघते, तर भीतीच पुढे येऊन बसते.

आता फोन कर. रोज तिन्हीसांजेला. तू बोल, मी ऐकेन. तुझं संपलं की फोनवर बोटाने टकटक करीन, ते माझं आमेन समज.

प्रार्थनेत ठेव.
फिलूबाय